सत्तरपैकी किती?

नाणी जमवणारा माणूस म्हटलं की आपल्यासमोर पत्र्याचा डबा आणि भिंग घेऊन बसलेले एखादे काका येतात. अमेरिकेत या काकांची चक्क स्पर्धा चालते. तिला सेट रजिस्ट्री म्हणतात. आपल्या संग्रहातलं एकेक नाणं नोंदवायचं, फॉर्म्युला गुण देतो आणि तुमचा नंबर लागतो. फॉर्म्युला दिसला की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना राहवत नाही, म्हणून गेले दोन-तीन वीकेंड याच्याच मागे होतो.

गोष्ट सुरू होते 1949 मध्ये. विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1793 ते 1814 या काळातल्या तांब्याच्या अमेरिकन सेंटवर एक पुस्तक काढलं. त्यात त्याने नाण्याच्या स्थितीला 1 ते 70 अशी ग्रेड दिली. आता 70च का? 100 का नाही? तर त्याच्या हिशेबाने पार झिजलेल्या नाण्याची किंमत 1 धरली, तर त्याच जातीच्या अगदी कोऱ्या नाण्याची किंमत 70 व्हायची. म्हणजे मुळात हे भाव काढायचं गणित! बाजाराने ते गणित लवकरच मोडीत काढलं, पण आकडा मात्र टिकला. 1977 मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने हीच पट्टी सगळ्या अमेरिकन नाण्यांना लावली. जुना कोड कसा कुणी काढून टाकत नाही, तसंच.

शेल्डनने दुर्मिळतेसाठी आणखी एक पट्टी केली होती, आर-1 ते आर-8. आर-8 म्हणजे जगात फक्त 1 ते 3 नाणी माहीत असलेली जात. लक्षात घ्या, त्याने दोन्ही पट्ट्या वेगळ्या ठेवल्या होत्या. नाणं किती चांगलं आहे हा एक प्रश्न, अशी किती उरलीत हा दुसरा.

पुढे 1986 मध्ये पीसीजीएस आणि 1987 मध्ये एनजीसी या कंपन्या आल्या. नाणं पाठवा, ते तपासून, ग्रेड लिहून प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून परत देणार. 2001 च्या सुमारास इंटरनेटवर रजिस्ट्री आली आणि दोन्ही प्रश्न एकाच आकड्यात कोंबावे लागले.

पीसीजीएसची पद्धत अशी: प्रत्येक नाण्याला दुर्मिळतेप्रमाणे 1 ते 10 वजन. ग्रेड गुणिले वजन, त्यांची बेरीज, भागिले एकूण वजन. रिकाम्या जागेला शून्य. समजा सेटमध्ये दोनच नाणी आहेत, एक साधं (वजन 1) आणि एक दुर्मिळ (वजन 10). माझ्याकडे साधं 67 ग्रेडचं, दुर्मिळ 20 चं. गुण 24.3. तुमच्याकडे साधं 64, दुर्मिळ 25. गुण 28.5. तुम्ही जिंकलात! इथपर्यंत ठीक वाटतं.

पण मोठ्या सेटमध्ये बहुतेक नाणी साधीच असतात, आणि दुर्मिळ नाणं सगळ्याच वरच्या स्पर्धकांकडे असतं. मग चढाओढ कशावर? साध्या नाण्याची एकेक ग्रेड वर चढवण्यावर. 1963 सालचे लिंकन सेंट खास संग्राहकांसाठी 30 लाखांवर पाडले होते. त्यातल्या 70 ग्रेडच्या एका नाण्याला एकदा लिलावात 39 हजार डॉलर मिळाले. एका सेंटला! पुढे लोकांनी आपापली नाणी तपासायला धाडली, आणखी 70 निघाली, भाव कोसळला. कारण कंपनीकडे मोजदाद असते ती तपासलेल्या नाण्यांची, अस्तित्वात असलेल्या नाण्यांची नव्हे.

एनजीसीने वेगळा मार्ग घेतला. प्रत्येक नाण्याच्या प्रत्येक ग्रेडला स्वतंत्र गुण, म्हणजे सूत्राऐवजी मोठं टेबल. जास्त न्याय्य, पण शेवटी ते गुणही माणसंच ठरवतात.

मला सगळ्यात आवडली ती पीसीजीएसची 'लो बॉल' रजिस्ट्री. तिथे सगळ्यात झिजलेला सेट जिंकतो! त्यामुळे साध्या नाण्यालाही ग्रेड 1 मिळाली की ते जरा बऱ्या नाण्यापेक्षा महाग जातं. गुणांची दिशा फिरवली आणि हवंनको तेवढ्यात उलटं झालं.

आणि शेल्डन? न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट त्याने गुपचूप उचलून जागी स्वतःचे हलके ठेवले होते, हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं. पट्टी बनवणाराच पट्टीच्या मोहात पडला.

एवढं वाचून मला वाटतं, वजनं बदलून हा प्रश्न सुटणारा नाही. ग्रेड म्हणजे नाणं किती कमी वापरलं गेलं याचं माप. ज्या सेंटने शंभर वर्षं पाव आणि दूध विकत घेतलं, त्याला 70 पैकी 4. जो पाकिटातून बाहेरच आला नाही, त्याला 70. इतिहास कोणात जास्त आहे, ते तुम्हीच ठरवा.

असो. ऑफिसात अप्रेजलचा सीझन जवळ आलाय, तेव्हा एका आकड्यात माणूस बसवायची गंमत यावर जास्त बोलत नाही!