फडकं लावू नको

पुरुषोत्तमनगरला राहणाऱ्याला साखर कारखान्याची भाषा वेगळी शिकावी लागत नाही. मी मात्र ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कारखान्यात शिकलो, फिटरची उमेदवारी करताना. ऐन गाळपात मिलचा शाफ्ट तुटला. मी पुसायला गेलो, तसे मिस्त्री ओरडले, "फडकं लावू नको रे! तुकडे जुळवूनही बघू नको."

मग बॅटरीच्या उजेडात त्यांनी तुटलेलं तोंड दाखवलं. एका कडेला शिंपल्यावर असतात तशा बारीक रेघा, म्हणजे चीर कित्येक दिवस आत सरकत होती. उरलेला भाग दाणेदार, तो एका झटक्यात गेलेला. तुकडे एकमेकांवर घासले असते तर ही साक्ष तिथंच बुजली असती.

विमानांच्या बाबतीत हे शहाणपण कायद्यात उतरलं. 1934 च्या विमान कायद्याच्या 7 व्या कलमानं सरकारला अपघाताच्या चौकशीचे नियम करायचा अधिकार दिला. 1937 च्या नियमांत आलं की परवानगीशिवाय मोडक्या विमानाला हात लावायचा नाही. मुभा मोजकीच: अडकलेलं माणूस किंवा जनावर काढायला, मग ते जिवंत असो की मेलेलं, आग टाळायला, वाहतुकीतला अडथळा दूर करायला. 1951 मध्ये नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो कराराचं तेरावं परिशिष्ट आलं. ज्या देशात विमान पडेल त्यानं पुरावा जपायचा, हे जगभर ठरलं.

1 जानेवारी 1978 ला एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं, 213 जण गेले. तिथं पहारा बसवायला जागाच नव्हती. पाण्याखालून जे वर काढलं, त्यावर चौकशी चालली.

आमच्या सातपुड्याकडे 16 जुलै 2021 ला शिरपूरचं प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात वर्डीच्या शिवारात पडलं. प्रशिक्षक गेला, शिकाऊ वैमानिक मुलगी जखमी झाली. एका आदिवासी बाईनं आपली साडी दिली, तिची झोळी करून गावकऱ्यांनी मुलीला खाली आणलं. त्या घाईत नियम कुणाला आठवणार? पण त्यांनी केलं ते नियमातल्या पहिल्याच मुभेला धरून होतं. आधी माणूस, मग पत्रा.

2012 पासून अशा अपघातांचा तपास विमान अपघात अन्वेषण ब्युरोकडे आहे. 1934 च्या कायद्याची जागाही आता भारतीय वायुयान अधिनियम, 2024 नं घेतली. पत्रा जपायची रीत तीच राहिली. मोडलेलं लोखंड दिसलं की आपल्याला भंगारवाला आठवतो. विमानाच्या बाबतीत मात्र तपास होऊन अवशेष मालकाच्या ताब्यात जाईपर्यंत कायदा त्यांना भंगार म्हणू देत नाही.

मिस्त्रींनीही म्हणू दिलं नव्हतं. शाफ्टचे दोन्ही तुकडे त्यांनी गोणपाटात वेगवेगळे गुंडाळले. भंगारवाला काटा घेऊन आला, तेव्हा ते गाठोड्यांवर बसून चहा पीत होते.