चार भोकांचा इतिहास: यादीत नसलेल्या सॉकेटवर लिक्विड कूलर

आजचा भाग प्रोसेसरवर नाही. प्रोसेसरच्या भोवती मदरबोर्डला जी चार भोकं असतात, त्यांच्यावर आहे. हसू नका. या चार भोकांमुळे जगभरात कितीतरी चांगले, चालू कूलर कपाटात जाऊन पडलेत.

प्रश्न अगदी रोजचा आहे. तुमच्याकडे लिक्विड कूलर आहे. पंप चालतोय, रेडिएटर ठणठणीत आहे. तुम्ही नवा मदरबोर्ड घेता, कूलरच्या खोक्यावरची यादी बघता आणि त्यात तुमच्या सॉकेटचं नावच नसतं. मग काय करायचं? कूलर विकायचा, की बसवून बघायचा? लॅमिंग्टन रोडवर दोन दुकानांत विचाराल तर दोन उत्तरं मिळतील.

माझं म्हणणं एवढंच आहे, की सॉकेटचं नाव कूलरला कळत नाही. त्याला चार गोष्टी कळतात: भोकांमधलं अंतर, प्रोसेसरची उंची, दाब, आणि खालच्या तांब्याच्या प्लेटनं किती भाग झाकला. यादी म्हणजे कंपनीनं दिलेला शब्द. तो कधी गरजेपेक्षा कमी सांगतो आणि कधी अगदी बरोबर असतो. कुठे काय, हे ओळखायला इतिहास कामाला येतो.

भोकांच्या आधीचा काळ

नव्वदच्या दशकात कूलर हलके होते. सॉकेट ७ घ्या किंवा नंतरचा सॉकेट ३७०, सॉकेटच्याच प्लास्टिकला दोन बाजूंना छोटे कान असायचे आणि स्टीलची एक क्लिप त्यांत अडकवायची. बोर्डाचा कूलरशी थेट संबंधच नव्हता.

मग प्रोसेसर तापायला लागले आणि कूलर जड व्हायला लागले. २००१ साली टॉम्स हार्डवेअरनं एक व्हिडिओ केला होता, तो तेव्हा खूप गाजला. चालू कॉम्प्युटरवरून कूलर उचलायचा आणि काय होतं ते बघायचं. पेंटियम ४ नं स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवला. एएमडीच्या ॲथलॉनमधून धूर निघाला. त्या दिवशी बऱ्याच जणांना कळलं, की कूलर धरून ठेवणारी क्लिप ही किरकोळ गोष्ट नाही.

७२, ८०, ७५

२००४ साली इंटेलनं एलजीए ७७५ आणला. पिना प्रोसेसरवरून सॉकेटमध्ये गेल्या आणि कूलर थेट बोर्डाला पडलेल्या चार भोकांत बसायला लागला. भोकं चौरसात, एका बाजूचं अंतर ७२ मिलिमीटर. २००८ साली एलजीए १३६६ आला, त्याचं अंतर ८०. २००९ साली एलजीए ११५६ आला, त्याचं ७५.

आता गंमत ऐका. ११५६ नंतर ११५५ आला, मग ११५०, मग ११५१, आणि २०२० साली १२००. पिनांची संख्या बदलली, प्रोसेसर बदलले, प्रत्येक वेळी बोर्ड नवा घ्यावा लागला. पण भोकं? ७५ ची ७५! २०२१ पर्यंत ती हलली नाहीत. म्हणजे २०१० साली घेतलेल्या कूलरच्या खोक्यावर १२०० हे नाव असणं शक्यच नव्हतं, तरी तो तिथे व्यवस्थित बसत होता. यादीत नाव नव्हतं, कारण यादी छापली तेव्हा त्या सॉकेटचा जन्मच झाला नव्हता.

एएमडीकडेही असंच. २००६ च्या एएम२ पासून एएम३+ पर्यंत भोकं ४८ बाय ९६ मिलिमीटर. एएम४ आला आणि ती ५४ बाय ९० झाली. मात्र बोर्डासोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीला हुकानं अडकणारे जुने कूलर एएम४ वरही चालले. थेट बोल्टनं बसणारे अडले. सॉकेट एकच, पण एका प्रकारच्या कूलरसाठी तो जुना आणि दुसऱ्यासाठी नवा.

गोल डोकं आणि सुटी रिंग

आता लिक्विड कूलरकडे येऊ. द्रवानं थंड करणं नवं नाही. १९८५ चा क्रे-२ सुपरकॉम्प्युटर तर फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवूनच ठेवलेला असायचा. २००४ साली ॲपलनं पॉवर मॅक जी५ च्या वरच्या मॉडेलमध्ये लिक्विड कूलिंग दिलं. पण घरी बसवायचा, बंद नळ्यांचा, पाणी न भरता चालणारा कूलर लोकांच्या हातात आला तो त्यानंतर. यातलं मोठं नाव म्हणजे डेन्मार्कची एसटेक. २००९ चा कॉर्सेअर एच५० त्यांनीच बनवलेला होता.

एसटेकच्या रचनेत पंप आणि तांब्याची प्लेट एकाच गोल डोक्यात होती. त्या डोक्याच्या कडेला दाते होते. ते दाते एका सुट्या रिंगमध्ये फिरवून अडकवायचे आणि रिंगचे पाय बोर्डाच्या भोकांत जायचे. म्हणजे सॉकेटशी नातं फक्त रिंगचं, कूलरचं नाही. शिवाय एसटेक बऱ्याच ब्रँडना माल पुरवायची. त्यामुळे खोक्यावरची नावं वेगळी असली तरी आतलं डोकं बऱ्याचदा एकच होतं.

लोकांनी हे लगेच ओळखलं. काहींनी हे कूलर केबल टायनं बांधून थेट ग्राफिक्स कार्डवर बसवले! कुठल्याही यादीत ग्राफिक्स कार्ड नव्हतं. पण चिपला कुठे माहिती, की वरचा तांबा कुणासाठी बनवला होता? २०१३ साली एनझेडएक्सटीनं क्रॅकेन जी१० नावाचा ब्रॅकेट बाजारात आणला. काम तेच, केबल टायऐवजी धातूची पट्टी. जे काल जुगाड होतं, ते दुकानात मिळायला लागलं.

कंपनीनंच जुगाड केला तेव्हा

ऑगस्ट २०१७. एएमडीनं थ्रेडरिपर आणला. वरच्या मॉडेलला १६ कोर, १८० वॉट, आणि सॉकेटमध्ये ४०९४ पिना. प्रोसेसर एवढा मोठा, की बाजारातले नेहमीचे कूलर त्याच्यापुढे बारकेच. मग एएमडीनं काय केलं? प्रोसेसरच्या खोक्यातच एक रिंग दिली, एसटेकच्या गोल डोक्यासाठी! म्हणजे ज्या कूलरांच्या खोक्यावर या सॉकेटचं नाव नव्हतं, ते बसवायची सोय खुद्द प्रोसेसर बनवणाऱ्यानं केली.

ती रिंग बसत होती, पण गोल प्लेट त्या लांबट प्रोसेसरचे कोपरे झाकत नव्हती. आतल्या चिपा साधारण मध्याकडे असल्यामुळे काम भागायचं. नंतर एनरमॅक्ससारख्या कंपन्यांनी पूर्ण झाकणाऱ्या मोठ्या प्लेटचे कूलर आणले, तेव्हा मोठ्या प्लेटचा फायदा लोकांना दिसला. या गोष्टीतून एक कामाची शिकवण मिळते: ‘बसतो’ आणि ‘थंड करतो’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

यादी बरोबर होती तेव्हा

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही उद्याच पक्कड घेऊन बसाल.

२०२१ च्या शेवटी एलजीए १७०० आला. प्रोसेसर चौकोनीचा लांबट झाला, ३७.५ बाय ४५ मिलिमीटर. भोकं ७५ वरून ७८ वर गेली. प्रत्येक भोक दोन्ही दिशांना फक्त दीड मिलिमीटर सरकलं. असूसनं तर आपल्या काही बोर्डांवर दोन्ही अंतरांची भोकं दिली, जुना कूलर बसावा म्हणून.

पण यात एक खाच होती. नव्या सॉकेटमध्ये प्रोसेसरचा माथा आधीपेक्षा थोडा खाली बसतो. फरक एक मिलिमीटरपेक्षाही कमी. आता ज्या कूलरचे स्क्रू ठरावीक उंचीवर येऊन थांबतात, त्यांचं काय होणार? स्क्रू पूर्ण आवळला, हाताला घट्ट लागला, आणि तरी खाली दाब कमी पडला. तुम्हाला वाटणार काम झालं. म्हणून नॉक्टुआसारख्या कंपन्यांनी जुन्या ग्राहकांना बिल दाखवल्यावर नवा माउंटिंग किट फुकट दिला. २०२४ च्या एलजीए १८५१ नं मात्र तीच ७८ ची भोकं ठेवली, म्हणजे १७०० चा किट तिथेही बसतो.

उलटा प्रकारही आहे: नाव एकच, भोकं वेगळी. एलजीए २०११ च्या साध्या डेस्कटॉप बोर्डावर स्क्रूंचं अंतर ८० चा चौरस. पण सर्व्हरच्या काही बोर्डांवर त्याच सॉकेटचा अरुंद अवतार असतो, ५६ बाय ९४. जुना सर्व्हर बोर्ड स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, यादीत ‘२०११’ बघून खूश झालात, तर घरी आल्यावर कूलर हातातच राहील. आणि एएम५? भोकं एएम४ सारखीच, पण मागची बॅकप्लेट सॉकेटलाच जोडलेली, ती काढता येत नाही. स्वतःची बॅकप्लेट आणणारा कूलर तिथे अडतो, बोर्डाची बॅकप्लेट वापरणारा बसतो.

मग करायचं काय?

यादीत नाव नसेल तर आधी पट्टी घ्या. एका भोकाच्या डाव्या कडेपासून शेजारच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, दोन्ही बाजूंनी. ७२, ७५, ७८, ८०, जे येईल ते लिहा. मग बोर्ड पलटून बॅकप्लेट सुटी आहे का ते बघा. मग कूलरचे स्क्रू कशावर थांबतात ते बघा: स्प्रिंगवर, की पक्क्या खांद्यावर.

नंतर थर्मल पेस्टचा छोटा थेंब लावून कूलर बसवा. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे आवळा. लगेच परत काढा आणि ठसा बघा. पेस्ट सगळीकडे पातळ पसरली असेल तर दाब आहे. मध्ये जाड थर राहिला किंवा एक कोपरा कोरडाच राहिला, तर खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, तो कूलर तिथे चालणार नाही. ठसा नीट आला तर पेस्ट पुसून नवी लावा आणि मगच कॉम्प्युटर चालू करा.

आणि एक गोष्ट कधीच करू नका: मदरबोर्डला ड्रिल लावू नका. बोर्डात तांब्याच्या रेषांचे अनेक थर असतात. ब्रॅकेटचं भोक दीड मिलिमीटर वाढवलं तर नुकसान झालंच तर ब्रॅकेटचं होईल. बोर्डाचं वाढवलंत तर बोर्ड गेला.

एवढी खटपट कशासाठी, असं कुणी विचारेल. कारण बहुतेक वेळा अख्खा कूलर निरुपयोगी झालेला नसतो, धातूचा एक तुकडा जुना झालेला असतो. त्या तुकड्यासाठी पंप, तांबं, ॲल्युमिनियम आणि नळ्या कचऱ्यात टाकायच्या का? आधी कंपनीला मेल करा, किट मागा. नाही मिळाला तर मोजा. यादी नक्की वाचा, पण पट्टी लावल्याशिवाय कूलर टाकू नका.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या बोर्डावरचं अंतर किती निघालं ते मोजून आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!