पार्थपूरचे दृढ अंक

गोदावरीच्या उत्तरेस वसलेली पाथरी, जुन्या संस्कृत ग्रंथांतून जिला पार्थपूर म्हटले आहे, राजकीय इतिहासात प्रायः निजामशाही आणि इमादशाही यांच्या कलहापुरतीच डोकावते. अहमदनगरच्या सुलतानांचे पूर्वज या परगण्याचे कुलकर्णी होते असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो, आणि या वडिलोपार्जित संबंधामुळेच बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाशी लढून हे ठाणे आपल्या अमलाखाली आणले. परंतु ज्या दशकांत हा परगणा एका सरकारातून दुसऱ्यात जात होता, त्याच दशकांत येथील एक घराणे अवाढव्य संख्यांचे अंतरंग तपाशीत होते, आणि माझ्या मते पाथरीचे खरे वैभव तेच होय.

शके १४२५ मध्ये, म्हणजे इ. स. १५०३ साली, या घराण्यातील ज्ञानराजाने ‘सिद्धांतसुंदर’ रचला. त्याचा पुत्र सूर्यदास याने शके १४६० मध्ये भास्कराचार्यांच्या बीजगणितावर ‘सूर्यप्रकाश’ आणि शके १४६३ मध्ये लीलावतीवर ‘गणितामृतकूपिका’ या टीका लिहिल्या. या दोन्ही मूळ ग्रंथांत कुट्टकाचे, म्हणजे भाज्याला कोणत्या पूर्णांकाने गुणून त्यात क्षेप मिळविला असता हाराने निःशेष भाग जातो हे शोधण्याच्या रीतीचे, प्रकरण आहे, आणि कुट्टकाची पहिली आज्ञा अशी की भाज्य, हार आणि क्षेप यांना सामाईक भाजकाने छेदावे, म्हणजे उरलेले भाज्य व हार ‘दृढ’ होतात. भाज्य-हारांना ज्याने भाग जातो त्याने क्षेपाला जात नसेल, तर प्रश्नच दुष्ट ठरतो.

ज्योतिषाच्या संख्यांना ही आज्ञा लावली म्हणजे त्यांचे स्वभाव उघडे पडतात. भास्कराचार्यांच्या कल्पात वर्षे ४,३२,००,००,००० आणि सावन (सूर्योदय ते सूर्योदय) दिवस १५,७७,९१,६४,५०,०००. पण दोहोंना १३,५०,००० ने निःशेष भाग जातो, आणि एवढ्या विस्तारातून केवळ ३,२०० वर्षे व ११,६८,८२७ दिवस उरतात. उलट सूर्यसिद्धांताच्या महायुगातील ४३,२०,००० वर्षे आणि १,५७,७९,१७,८२८ दिवस यांना ४ हून मोठा सामाईक भाजकच नाही. वर्षसंख्येत २, ३ आणि ५ यांखेरीज दुसरा मूळ अवयव नाही, आणि चारने छेदल्यावर उरलेल्या ३९,४४,७९,४५७ या दिवससंख्येस त्या तिघांपैकी एकानेही भाग जात नाही. म्हणजे आकाराने सुमारे हजारपट लहान असलेली ही दिवससंख्या छेदावयास मात्र कितीतरी अधिक हट्टी आहे, आणि तिच्या वर्षमानाचा अपूर्णांक पूर्ण दिवसांत मिटावयास १०,८०,००० वर्षे लागतात.

युगांचे आकडे केवळ विस्मयासाठी रचले आहेत असे मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. संख्येच्या विस्तारावरून तिची घडण कळत नाही, ती परस्पर भागाकारानेच कळते. आणि तो भागाकार पायरीपायरीने मांडून मिळालेल्या लब्धींची वल्ली उभी करणे, मग तळापासून गुणीत व मिळवीत वर येणे, हे कष्टाचे काम सूर्यदासाने आपल्या काळच्या विद्यार्थ्यांसाठी उलगडले. त्याच्या घराण्याची मराठी वाचकांना साधार ओळख शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ सालच्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’ने करून दिली, आणि ग्रंथांतील पार्थपूर म्हणजे आजची पाथरी, हेही त्यांनीच तेथे नोंदविले.