स्क्वीझबॉक्स आणि घरचा संगीतसंग्रह

1982 मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने, म्हणजेच सीडीने, संगीत आकड्यांच्या रूपात घरोघर नेले खरे, परंतु ते आकडे पुढची दहा-पंधरा वर्षे तबकडीतच अडकून राहिले. सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटांचा आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या, या हिशेबाने तासाभराच्या संगीताला सुमारे 635 मेगाबाइट जागा लागते, आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी घरगुती संगणकात तेवढी मोकळी जागा क्वचितच असे. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या एमपी3 पद्धतीने ही कोंडी फोडली. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज माणसाच्या कानाला कळत नाही, या तत्त्वावर ती पद्धत ध्वनीतला बराचसा तपशील गाळून टाकते. त्यामुळे सेकंदाला 128 किलोबिट या दराने तेच तासाभराचे संगीत 58 मेगाबाइटांत मावते. पुढे 40 गिगाबाइटांची हार्ड डिस्क सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली, तेव्हा सहा-सातशे सीडींचा ऐवज एका संगणकात बसू लागला आणि प्रश्न उरला तो अंतराचा, कारण संग्रह होता टेबलाखाली घरघरणाऱ्या संगणकात आणि चांगला अॅम्प्लिफायर व स्पीकर होते दिवाणखान्यात.

हे अंतर मिटवण्याचे पहिले प्रयत्न अमेरिकेत 2000 च्या आसपास झाले. रिओ रिसीव्हर हे यंत्र घरातल्या टेलिफोनच्या तारांवरूनही संगीत नेऊ शकत असे, तर टर्टल बीच कंपनीचा ऑडिओट्रॉन विंडोज संगणकावरची सामायिक फोल्डरे स्वतःच धुंडाळून गाण्यांची यादी तयार करी. दोन्ही यंत्रे गुणी होती. पण रिओच्या मालक कंपनीचे 2003 मध्ये दिवाळे निघाले आणि ऑडिओट्रॉनही फार काळ टिकला नाही. टिकाऊ ठरली ती शॉन अॅडम्स या तरुणाने कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीची कल्पना, आणि तिचे मर्म यंत्रापेक्षा कामाच्या वाटणीत होते.

2001 मध्ये आलेल्या या कंपनीच्या स्लिमपी3 या पहिल्या प्लेयरमध्ये हार्ड डिस्क नव्हती, गाण्यांची यादी नव्हती आणि स्वतःची म्हणावी अशी बुद्धीही जवळजवळ नव्हती. इथरनेटच्या तारेने तो घरातल्या संगणकाशी जोडला जाई आणि त्या संगणकावर स्लिमसर्व्हर नावाची प्रणाली चालू असे. सर्व्हर म्हणजे मागणी येताच माहिती पुरवणारा संगणक किंवा त्यावरची प्रणाली. श्रोत्याने रिमोटचे बटण दाबले की प्लेयर तो संकेत न उलगडता सर्व्हरकडे धाडी; कोणते बटण, त्याचा अर्थ काय, यादीत पुढचे नाव कोणते, हे सारे सर्व्हर ठरवी आणि प्लेयरच्या प्रत्येकी 40 अक्षरांच्या दोन चकाकत्या ओळींवर उमटवायची अक्षरेसुद्धा तोच पाठवी. प्लेयरकडे उरे ते फक्त येणारा एमपी3 प्रवाह उलगडून ध्वनीत बदलणे. वरवर पाहता ही गरिबी वाटते. प्रत्यक्षात तीच या यंत्राची मिरास होती, कारण नवी सोय हवी असल्यास यंत्राला हात लावावा लागत नसे, सर्व्हरची प्रणाली बदलली की काम भागे. शिवाय ती प्रणाली पर्ल या भाषेत लिहिलेली आणि मुक्त परवान्याखाली खुली होती, त्यामुळे तिच्यात भर घालण्याचा अधिकार कंपनीइतकाच ग्राहकालाही होता.

सीडीवरून फाइली उतरवून घेण्याला रिप करणे म्हणतात, आणि संग्राहकाचे खरे कष्ट तिथेच सुरू होत. मूळ सीडीवर ध्वनी असतो, पण गाण्यांची नावे बहुधा नसतात. टी कान आणि स्टीव्ह शर्फ यांच्या सीडीडीबी या सूचीने तबकडीतल्या गाण्यांच्या लांबीवरून तबकडी ओळखून नावे पुरवण्याची युक्ती काढली; ती नावे जगभरच्या स्वयंसेवकांनी फुकट टंकलेली होती आणि पुढे हीच सूची व्यापारी मालमत्ता झाली, तेव्हा तिच्या विरोधातून म्युझिकब्रेन्झसारखी खुली सूची उभी राहिली. फाइलीतली नावे साठवण्याची आयडी3 ही चौकट 1996 ची. एमपी3 फाइलीच्या शेवटी जोडलेल्या 128 बाइटांत शीर्षकाला 30, कलाकाराला 30 आणि संग्रहाच्या नावाला 30 अक्षरे अशी तिची विभागणी होती, आणि संगीतप्रकारासाठी 80 नावांची ठरीव यादी होती, जिच्यात पोल्का या युरोपीय नाचाला जागा मिळाली पण हिंदुस्थानी संगीताला मिळाली नाही.

ख्यालाच्या श्रोत्याला ही चौकट पावलोपावली अडवते. राग, ताल आणि साथीदार यांना तिच्यात स्वतंत्र रकाना नाही. रोमन लिपीत एकाच गायकाचे नाव कुठे पंडित लावून, कुठे नुसत्या आद्याक्षरांनी लिहिलेले असले की प्लेयर त्याचे तीन निरनिराळे गायक करून दाखवतो, म्हणून अशा संग्रहाची नावे एकसारखी करणे हे संग्रह जमवण्याइतकेच वेळखाऊ काम होऊन बसते. आणखी एक अडचण ध्वनीचीच आहे. विलंबित आणि द्रुत हे भाग सीडीवर वेगळ्या क्रमांकांखाली असले तरी ऐकताना अखंड चालतात. एमपी3 करताना मात्र प्रत्येक फाइलीच्या टोकांना थोडी निःशब्द भर पडते आणि द्रुत सुरू होण्याच्या नेमक्या क्षणी खंड जाणवतो.

या खंडावरचा उपाय म्हणजे काहीही न गाळता आकार घटवणारी फ्लॅक ही खुली पद्धत. जोश कोल्सन यांनी तिची पहिली पूर्ण आवृत्ती 2001 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात फाइलीचा आकार साधारण निम्म्यावर येतो आणि उलगडल्यावर मूळ सीडीतला प्रत्येक बिट परत मिळतो. स्लिम डिव्हायसेसने 2003 च्या स्क्वीझबॉक्स या नव्या प्लेयरमध्ये बिनतारी जोडणी आणि न दाबलेला ध्वनी स्वीकारण्याची क्षमता दिली, आणि 2005 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून प्लेयर स्वतःच फ्लॅक उलगडू लागला. घरातले अनेक प्लेयर एकाच ठेक्यात वाजवण्याची सोयही सर्व्हरच सांभाळी. प्रत्येक यंत्राचे अंतर्गत घड्याळ किंचित पुढे-मागे धावत असल्याने सर्व्हरला अधूनमधून ही तफावत सावरून घ्यावी लागे.

ऑक्टोबर 2006 मध्ये लॉजिटेक या मोठ्या कंपनीने स्लिम डिव्हायसेस सुमारे 2 कोटी डॉलरना विकत घेतली. ड्यूएट, बूम, रेडिओ, टच अशी यंत्रे पुढच्या चार वर्षांत आली, परंतु तोवर स्पॉटिफायसारख्या सेवांनी संग्रह बाळगण्याची गरजच अनेकांच्या लेखी संपवली होती आणि 2012 मध्ये लॉजिटेकने ही मालिका आवरती घेतली. एरवी अशा निर्णयानंतर जोडणीवर चालणारी यंत्रे अडगळीत जातात. येथे सर्व्हर ग्राहकाच्या घरात होता आणि त्याची संहिता खुली होती, म्हणून हौशी प्रणालीकारांनी त्याच वर्षी आलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकाला, स्क्वीझलाइट ही छोटी प्रणाली घालून, नवा स्क्वीझबॉक्स बनवले. 2024 मध्ये लॉजिटेकने आपली इंटरनेटवरची सहायक सेवाही बंद केली, तेव्हा तिच्यातून मिळणाऱ्या रेडिओ केंद्रांची व्यवस्था स्वयंसेवकांनी घरच्या सर्व्हरवर हलवली. सर्व्हरचे नाव बदलून लिरिअन ठेवण्यात आले, आणि घरच्या डिस्कवरच्या फाइली वाजवण्यात सेवा बंद पडली त्या दिवशीही खंड पडला नाही.