तीन अक्षरे आणि हिंगोलीची छावणी

१/ हिंगोली शहरातील रिसाला, पलटण, तोपखाना, पेन्शनपुरा ही नावे ऐकली, की येथे एके काळी लष्कर नांदत होते हे वेगळे सांगावे लागत नाही. त्या लष्कराच्या इतिहासाची एक किल्ली इंग्रजीतील तीन अक्षरांत आहे : एस, यू, बी, म्हणजेच ‘सब’. आजच्या थ्रेडमध्ये या एका शब्दारंभाचा मागोवा घेऊ. त्यातून इतिहास उलगडेल आणि इंग्रजी शब्दसंग्रहातही भर पडेल.

२/ ‘सब’ हा मूळचा लॅटिन उपसर्ग. अर्थ ‘खाली’ किंवा ‘खालोखाल’. आपला संस्कृत ‘उप’ आणि हा ‘सब’ एकाच प्राचीन मुळातून निघाले, असे भाषाशास्त्र मानते. म्हणून सब-इन्स्पेक्टर म्हणजे उपनिरीक्षक. मात्र मराठवाड्यातील सरकारी पाट्यांवर ‘नायब तहसीलदार’ आणि ‘दुय्यम निबंधक’ हेही आढळतात. ‘नायब’ अरबी, ‘दुय्यम’ फारसी. अर्थ जवळजवळ एकच; पण प्रत्येक आरंभ वेगळ्या राजवटीची आठवण जपतो.

३/ हा उपसर्ग आपल्या शेतापर्यंतही पोहोचला आहे. बोअरमध्ये सोडतो तो सबमर्सिबल पंप, म्हणजे पाण्याखाली बुडून चालणारा. समुद्राखालून जाते ती सबमरीन, रस्त्याखालून जातो तो सबवे, चित्रपटाच्या दृश्याखाली उमटते ते सबटायटल. चार शब्द चार वेळा पाठ करण्याऐवजी ‘खाली’ हा एक अर्थ ध्यानात ठेवला, तरी चारही शब्द ओळखीचे होतात.

४/ आता इतिहासाकडे वळू. १७९८ मध्ये हैदराबादच्या निजामाने गव्हर्नर जनरल वेलस्लीशी करार केला. शाळेत आपण त्याला ‘तैनाती फौज’ म्हणून शिकलो. इंग्रजी नाव ‘सबसिडियरी अलायन्स’. लॅटिन ‘सबसिडियम’ म्हणजे रोमन सैन्याच्या मागे राखून ठेवलेली कुमक. त्यावरूनच पुढे ‘मदत’ हा अर्थ रूढ झाला. येथे मात्र खर्च निजामाचा आणि हुकूम कंपनीचा होता. शेतकऱ्याला मिळणारी ‘सबसिडी’ याच शब्दाची बहीण. एकीत आधार आहे, दुसरीत आधाराच्या नावाखाली आलेली ताबेदारी.

५/ १८०० च्या तहाने निजामावर आणखी एक बंधन आले : युद्धप्रसंगी कंपनीच्या मदतीस ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ पाठवावे. या बंधनातूनच पुढे तैनाती फौजेहून वेगळे असे ‘हैदराबाद कंटिन्जंट’ उभे राहिले. अधिकारी इंग्रज, पगार निजामाच्या खजिन्यातून. हिंगोली ही या कंटिन्जंटची एक महत्त्वाची छावणी.

६/ खर्च थकत गेला आणि कर्ज वाढत गेले. अखेर १८५३ च्या तहाने कंटिन्जंटच्या खर्चापोटी वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला. पैनगंगेपलीकडे इंग्रजी अंमल, अलीकडे हिंगोलीत निजामी. नदी तीच राहिली, पण दोन्ही काठांवरचे राज्य वेगळे झाले. १९०३ मध्ये कंटिन्जंटचे स्वतंत्र अस्तित्व संपले आणि हिंगोलीची छावणीही इतिहासजमा झाली.

७/ ब्रिटिश लष्करात कॅप्टनच्या खालच्या अधिकाऱ्याला ‘सबाल्टर्न’ म्हणत. इटलीतील विचारवंत ग्राम्शी याने तुरुंगात लिहिलेल्या टिपणांत हाच शब्द समाजातील दबलेल्या वर्गांसाठी योजला. १९८२ पासून रणजित गुहा यांच्या संपादनाखाली ‘सबाल्टर्न स्टडीज’चे खंड निघू लागले आणि छावणीतला शब्द शेतकऱ्यांच्या व आदिवासींच्या इतिहासाचे नाव झाला.

८/ ‘सब्जेक्ट’ म्हणजे मुळात ‘खाली टाकलेला’. म्हणूनच त्याचा एक अर्थ ‘प्रजा’, तर दुसरा ‘अभ्यासाचा विषय’. ‘सबमिट’ म्हणजे ‘खाली ठेवणे’. त्यातून ‘शरण जाणे’ हा अर्थ आला आणि ‘अर्ज सादर करणे’ हाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना शेवटच्या बटणावर हाच शब्द असतो.

९/ काही वेळा ‘सब’ वेष पालटतो. ‘उत्’ आणि ‘चार’ मिळून ‘उच्चार’ होतो, ‘सत्’ आणि ‘जन’ मिळून ‘सज्जन’. लॅटिनमध्येही शेजारच्या व्यंजनाप्रमाणे ‘ब’ बदलतो. सपोर्ट, सक्सेस, सस्पेंड, सप्रेस या सर्वांच्या आरंभी मुळात ‘सब’च आहे. संधी शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला हे नियम परके वाटण्याचे कारण नाही.

१०/ परंतु केवळ अक्षरे जुळली म्हणून नाते जुळत नाही. छावणीतील ‘सुभेदार’ इंग्रजीत लिहिला, तर त्याच तीन अक्षरांनी सुरू होतो. त्याचा ‘खाली’शी काहीही संबंध नाही, तो ‘सुभा’ आणि ‘दार’ यांपासून बनला. म्हणून अंदाज बांधावा आणि मग शब्दकोशात व्युत्पत्ती पाहून तो तपासावा. पुरावा तपासल्याविना निष्कर्ष नाही, ही इतिहासाची शिस्त शब्दांनाही लागू आहे.

११/ पदवीच्या वर्गात इंग्रजी संदर्भग्रंथ उघडला की पहिल्याच पानावर माझा धीर सुटे. अर्थांच्या याद्या पाठ केल्या आणि विसरलो. पुढे वहीचे एकेक पान एकेका शब्दारंभाला दिले : सब, ट्रान्स, इंटर, प्री. प्रत्येक पानावर शब्द, मूळ अर्थ आणि तो शब्द जिथे भेटला ते वाक्य. भीती एका दिवसात गेली नाही, पण अनोळखी शब्दांत ओळखीचा चेहरा दिसू लागला.

१२/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला आणि २६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झाले. तोवर हिंगोलीचा माणूस कोणाचा ना कोणाचा ‘सब्जेक्ट’ होता. त्यानंतर तो नागरिक झाला. ज्या भाषेत आपल्याला ‘खालचे’ म्हटले गेले, ती भाषा समजून घेणे हेही त्या नागरिकत्वाचेच काम आहे.

आपल्या गावातील असा एखादा शब्द ठाऊक असल्यास खाली अवश्य लिहा. पुढील थ्रेड ‘ट्रान्स’वर.