स्मृती पुसणारे यंत्र : ब्लॅकजॅक, गणित आणि सहा दशकांची झुंज

जानेवारी १९६१ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या अमेरिकन गणित सोसायटीच्या अधिवेशनात एडवर्ड थॉर्प या अठ्ठावीस वर्षांच्या गणितज्ञाने एक निबंध वाचला. विषय होता ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा जुगार, आणि प्रतिपादन असे की या खेळात खेळाडू कॅसिनोवर मात करू शकतो. जुगारात अंतिम विजय नेहमी अड्डेवाल्याचाच, हा समज तोवर अनुभवानेही पक्का झालेला होता. थॉर्पने त्याला तडा दिला तो एका साध्या निरीक्षणाच्या बळावर : फाशाला स्मृती नसते, पत्त्यांच्या कॅटाला असते.

फासा लागोपाठ चार वेळा सहावर पडला, तरी पाचव्या वेळी सहा पडण्याची शक्यता एकषष्ठांशच राहते. पत्त्यांचे तसे नाही. एका कॅटातील चारही एक्के वाटून झाले असतील, तर पुन्हा पिसेपर्यंत पाचवा एक्का येणे अशक्य. गेलेला प्रत्येक पत्ता उरलेल्यांची घडण बदलतो. ब्लॅकजॅकमध्ये एकामागून एक डाव त्याच उरलेल्या पत्त्यांतून वाटले जात असत. म्हणून मागचे डाव लक्षात ठेवणाऱ्याला पुढच्या डावाविषयी काही तरी कळत असे.

हा खेळ थोडक्यात असा : पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण ओलांडायची नाही. पत्ते वाटणाऱ्याला स्वतःच्या मर्जीने खेळता येत नाही. बेरीज सोळा वा त्याहून कमी असेल तर त्याने आणखी पत्ता घेतलाच पाहिजे. दश्शी, गुलाम, राणी, राजा ही दहा किमतीची पाने शिल्लक जास्त असली, की या सक्तीमुळे तो वारंवार एकवीस ओलांडतो. शिवाय पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दहा जुळले, तर खेळाडूला परंपरेने दीडपट रक्कम मिळते. वाटणाऱ्याला तशी दीडपट वसुली करता येत नाही. मोठी पाने उरणे खेळाडूच्या पथ्यावर, लहान पाने उरणे कॅसिनोच्या.

थॉर्पच्या आधी १९५६ मध्ये रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडर्मॉट या अमेरिकी लष्करातील चौघांनी साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून खेळण्याची सर्वोत्तम रीत प्रसिद्ध केली होती. त्यांच्या हिशेबाने नीट खेळणाऱ्याविरुद्ध कॅसिनोची सरशी अवघी ०.६२ टक्के होती. थॉर्पने एमआयटीतील आयबीएम ७०४ या संगणकावर पुढचा प्रश्न सोडवला : अमुक पत्ते निघून गेले तर काय? उत्तर चकित करणारे होते. एका कॅटातील चारही पंज्या गेल्या, तर पारडे खेळाडूकडे सुमारे तीन टक्क्यांनी झुकते. माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांच्यामार्फत हा शोधनिबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. १९६२ मध्ये थॉर्पचे ‘बीट द डीलर’ हे पुस्तक निघाले. पाठोपाठ हार्वी डब्नर यांनी सोपी रीत मांडली : दोन ते सहा ही पाने दिसली की अधिक एक, दहा किमतीची पाने व एक्के दिसले की उणे एक, मधली तीन शून्य. बेरीज चढली की पैज वाढवायची, उतरली की हात आखडता घ्यायचा.

कॅसिनोंचा पहिला प्रतिकार नियमांचा होता. १९६४ मध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोंनी खेळाचे नियम कडक केले; परंतु सामान्य गिऱ्हाइकेही पाठ फिरवू लागली आणि काही आठवड्यांतच जुने नियम परत आणावे लागले. मग एका कॅटाऐवजी सहा-आठ कॅट एकत्र वापरणे, लवकर पिसणे आणि मोजणाऱ्यांना ओळखून बाहेर काढणे हे उपाय आले. नेवाडात मनातल्या मनात मोजणे गुन्हा नव्हता. १९८५ च्या कायद्याने बंदी घातली ती उपकरणांच्या साहाय्याने मोजण्यावर. कॅसिनो मात्र अशा खेळाडूला दार दाखवू शकत असे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये केन उस्टन यांच्या खटल्यात वेगळा निर्णय दिला : नियामक आयोगाचा तसा नियम नसताना केवळ पत्ते मोजतो म्हणून कोणाला कॅसिनोने मज्जाव करू नये. डोके वापरणाऱ्याला बाहेर काढता येत नसेल, तर वारंवार पिसणे हाच मार्ग उरत होता. पण पिसण्यात वेळ जातो, आणि त्या वेळात टेबल काहीच कमवत नाही.

अखंड पिसणाऱ्या यंत्राने ही अडचण दूर केली. डाव संपताच वापरलेले पत्ते यंत्रात परत जातात. आतल्या कप्प्यांत ते यादृच्छिक रीतीने विखुरले जातात आणि तिथूनच पुढचे पत्ते बाहेर येतात. सहा कॅटांचे ३१२ पत्ते व २४ एक्के धरू. जुन्या पद्धतीत निम्मे पत्ते संपले आणि त्यांत सहाच एक्के गेले, तर उरलेल्या १५६ पत्त्यांत अठरा एक्के राहतात; पुढचा पत्ता एक्का असण्याची शक्यता ७.७ टक्क्यांवरून ११.५ टक्क्यांवर जाते. यंत्र असेल, तर एका डावात वीस पत्ते एक्क्यावाचून गेले, तरी ती जेमतेम ८.२ टक्क्यांवर पोहोचते, आणि पुढची पैज लावण्यापूर्वी ते वीसही पत्ते आत परततात. बाहेर पडण्याच्या घसरणीत आधीच रांगेत असलेल्या मोजक्या पत्त्यांपुरती किंचित माहिती शिल्लक राहते. व्यवहारात तिचा उपयोग नगण्य. खेळाचा एकही नियम न बदलता पत्त्यांचा कॅट फाशासारखा विस्मरणशील झाला.

यात एक विसंगती दडलेली आहे. न मोजणाऱ्या पण शिस्तीने खेळणाऱ्या माणसाविरुद्ध कॅसिनोची दर डावामागची सरशी या यंत्रामुळे किंचित कमीच होते. परंतु पिसण्यासाठी खेळ थांबत नसल्याने तासाला होणारे डाव वाढतात, आणि अखेरीस त्याचा तासाभराचा तोटा वाढतो. मोजणाऱ्याला अडवण्यासाठी आणलेल्या यंत्राची किंमत न मोजणाराच चुकवतो.

यंत्राचे पिसणे निर्दोष असते, असेही गृहीत धरता येत नाही. एकेकाळी जादूगार असलेले गणितज्ञ पर्सी डायकोनिस आणि डेव्ह बेयर यांनी १९९२ मध्ये दाखवले, की एक कॅट हाताने नीट मिसळायला सुमारे सात वेळा पिसावा लागतो. पुढे डायकोनिस यांनी सहकाऱ्यांसह वेगळ्या प्रकारचे, संपूर्ण कॅट एकदाच दहा कप्प्यांतून पिसणारे यंत्र तपासले. दिसलेले पत्ते पाहत पुढचा ओळखायचा म्हटले, तर उत्तम मिसळलेल्या बावन्न पत्त्यांत सरासरी साडेचार अंदाज बरोबर येतात. त्या यंत्रानंतर साडेनऊ येऊ शकत होते. हे विश्लेषण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. विस्मरणही गणिताने सिद्ध करावे लागते.

मोजणे आणि जुगार यांचे नाते भारतीय वाचकाला अपरिचित नाही. महाभारताच्या वनपर्वात राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने-फळे क्षणात मोजतो आणि तेच संख्याज्ञान द्यूतात सर्वस्व गमावलेल्या नलाला ‘अक्षहृदय’ म्हणून देतो. आधुनिक कायद्यातही हा धागा आहे. १९६८ चा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सत्यनारायण खटल्यातील निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले; पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, हे त्याचे एक कारण. रमीतील ही स्मृती एकाच डावाच्या आतली आहे, म्हणून डावागणिक पिसले तरी ती टिकते. ब्लॅकजॅकमध्ये मोजण्याचा लाभ मुख्यतः एका डावातून दुसऱ्यात जाणाऱ्या स्मृतीवर उभा आहे. ती यंत्राने पुसता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला आहे. पण जिथे तो भेद आजही विचारात घेतला जातो, तिथे नुसते खेळाचे नाव आणि नियम वाचून भागणार नाही.

थॉर्पचे गणित आजही तितकेच खरे आहे. कॅसिनोंना ते खोडता आले नाही. त्यांनी त्या गणिताला लागणारी माहितीच टेबलावरून काढून घेतली. एखाद्या खेळात बुद्धीला किती वाव आहे हे पाहायचे असेल, तर पत्ते कोण पिसतो आणि केव्हा पिसतो, हे आधी पाहावे लागते.