विजेची गिटार आणि कष्टकऱ्यांचा हात

गोंदिया म्हटले की भाताच्या गिरण्या, तेंदूची पाने, बिडीचे कारखाने आणि रेल्वेचे जंक्शन एवढ्याच गोष्टी परक्या माणसाला आठवतात. अशा जिल्ह्यात गिटारचा विषय कोणी काढला तर श्रोते प्रथम हसतील. आणि आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांनी तो काढला तर दुप्पट हसतील. मजुरीच्या दराविषयी बोला, भविष्यनिर्वाह निधीविषयी बोला, गिटारशी तुमचा काय संबंध, असा प्रश्न आम्हांला विचारला जातो आणि तो रास्तही आहे. परंतु बिडी वळणाऱ्या बाईचा किंवा गिरणीतल्या हमालाचा मुलगा अलीकडे गिटार मागू लागला आहे आणि तीही विजेवर चालणारी. ‘हे श्रीमंतांचे खूळ आपल्या घरात कशाला?’ म्हणून त्याचे आईबाप आमच्याकडे येतात. त्यांना उत्तर द्यायचे तर या वाद्याचा इतिहास पाहिला पाहिजे. तो आम्हांला कोणत्याही विद्यालयाने शिकवला नाही. वाचनालयाच्या बाकावर बसून जो जमला तो येथे मांडतो.

पहिला आक्षेप असा की हे वाद्य परके आहे. आम्ही विचारतो, पेटी कोठली? ती युरोपातून आली. १९४० साली सरकारी रेडिओने तिच्यावर बंदी घातली व सुमारे तीस वर्षे ती चालवली. परंतु तेवढ्या काळात एकाही कीर्तनकाराने, एकाही तमासगिराने किंवा आमच्या झाडीपट्टीतल्या एकाही दंडारीच्या मंडळीने पेटी बाजूला ठेवली नाही. फिडलचेही तेच. वाद्य कोठे जन्मले यापेक्षा ते कोणाच्या हातांत रुळले यावरून त्याचे गोत्र ठरते. आणि तसे पाहिले तर लाकडाचे पोकळ भांडे, त्याला दांडी, दांडीच्या टोकाला खुंटी आणि ताणलेली तार हे आमच्या तुणतुण्याचेच वर्णन आहे. गिटारला सहा तारा आहेत आणि दांडीवर पडदे आहेत. तुणतुण्याची ती दूरची, पण सख्ख्या वळणाची भावंड आहे.

दुसरा आक्षेप श्रीमंतीचा. येथे इतिहास अगदी उलट साक्ष देतो. आज आपण जी गिटार पाहतो तिचा आकार व तारेची सुमारे ६५ सेंटिमीटर लांबी स्पेनमधील आंतोनिओ दे तोर्रेस (१८१७–१८९२) याने रूढ केली. तो मूळचा सुतार. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात व्हायोलिन बनवणाऱ्यांच्या संघाने तक्रार केली की सुतारांनी गिटारी बनवू नयेत, तो मान आमचा. सुतार हे कलावंत नव्हेतच, असा त्यांचा युक्तिवाद होता. या भांडणाला कंटाळून ख्रिस्तियन फ्रेडरिक मार्टिन हा सुताराच्या घरातला कारागीर १८३३ साली अमेरिकेस गेला आणि तेथे त्याने काढलेला कारखाना आजही चालू आहे. कारागिरांच्या संघटनेने दुसऱ्या कारागिरांचे दार बंद करू पाहिले, हे आम्हां संघटनावाल्यांनी विसरू नये. संघटना कोणासाठी आणि कोणाविरुद्ध, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

आता विजेकडे येऊ. १८८९ च्या सुमारास हवाई बेटावरील जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादाचा तुकडा सरकवण्याची रीत बसवली. त्याच्याही आधी ही रीत तेथे गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, हिंदुस्थानात जन्मलेल्या व जहाजावरून पळवून नेलेल्या मुलाने दाखवली, असे एक जुने मत आहे. त्याचा निवाडा आम्ही करीत नाही. पण विचित्र वीणेवर काच सरकवून मींड काढणाऱ्या देशाला ते अगदीच अशक्य वाटणार नाही. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर ही हवाई गिटार अमेरिकाभर पसरली. परंतु तिचा आवाज लहान होता. नाचाच्या दिवाणखान्यात तुताऱ्या व ढोल सुरू झाले की बिचारीला कोणी ऐकत नसे.

यातून मार्ग काढला जॉर्ज बोशाँ या वादकाने आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर या यंत्रकारागिराने. लोकांनी जिला ‘तवा’ म्हटले अशी त्यांची गोल पोटाची, विजेची हवाई गिटार १९३१ साली तयार झाली व १९३२ साली बाजारात आली. तिचे तत्त्व डायनॅमोच्या कुळातले आहे. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे द्यायचे आणि त्यावर वाद्याची पोलादी तार ताणायची. तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते, वेढ्यांत अगदी क्षीण वीज उत्पन्न होते आणि ती ॲम्प्लिफायरमध्ये वाढवून कर्ण्याला दिली की आवाज होतो. म्हणून विजेच्या गिटारला पोकळ पोटाची गरज राहिली नाही. भरीव फळीही चालते.

या भरीव फळीला कारखान्याचा माल बनवले ते लिओ फेंडर याने. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी त्याचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! १९५० साली त्याने जी गिटार काढली (पुढे ती टेलिकास्टर नावाने प्रसिद्ध झाली) तिची दांडी चार स्क्रूंनी पोटाला जोडलेली होती. दांडी बिघडली तर स्क्रू काढा, नवी बसवा. हे सुतारापेक्षा मेकॅनिकचे डोके. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली आणि १९६५ साली तो कारखाना एका मोठ्या प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलर देऊन विकत घेतला.

हे एवढे पैसे कोणाच्या बोटांतून आले? त्याच कारखान्यात १९५६ साली ॲबिगेल यबारा नावाची स्त्री कामास लागली. तिचे काम चुंबकाभोवती तांब्याची तार गुंडाळणे. एका वेटोळ्याला सुमारे आठ हजार वेढे, तार केसासारखी बारीक, आणि ताण किंचित चुकला की ती तुटते. २०१३ साली निवृत्त होईपर्यंत तिच्या हातच्या वेटोळ्यांचा आवाज वादक नाव घेऊन मागत असत. आमच्या जिल्ह्यातील बिडी वळणारी बाई हे ऐकून मान डोलवील. पान कापणे, जर्दा बरोबर तेवढाच घेणे, वळणे, दोरा बांधणे आणि हजार भरले की दर. तिच्या बोटांतही तेच मोजमाप आहे. फरक इतकाच की तिच्या हातचा माल तिचे नाव घेऊन कोणी मागत नाही.

दुसरी गोष्ट मिशिगनमधील कॅलामाझू गावच्या गिब्सन कारखान्याची. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा तेथील गिटारी बायांनी बनवल्या. १९८४ साली मालकांनी तो कारखाना बंद करून काम दुसऱ्या राज्यात नेले. तेव्हा मागे राहिलेल्या काही जुन्या कामगारांनी १९८५ साली त्याच इमारतीत, त्याच हत्यारांनी ‘हेरिटेज’ नावाने स्वतःचा कारखाना उभा केला. बंद गिरणीच्या दाराशी बसलेल्या माणसाला याहून चांगली गोष्ट आम्हांला सांगता येणार नाही.

आपल्या देशात ही विद्या तीन वाटांनी आली. एक वाट कलकत्त्याची. सामोआचा टाऊ मो १९२९ च्या सुमारास आपल्या संगीतमंडळीबरोबर हिंदुस्थानात आला, पुढे तेथे काही वर्षे राहिला आणि हवाई गिटार बंगालच्या घराघरांत गेली. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग मांडले आणि विश्वमोहन भट्ट यांना १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. दुसरी वाट गोव्याची. तेथील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी शिकवीत. ती मुले पोटासाठी मुंबईस आली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. पडद्यावर नाव नायकाचे, वाद्य गोव्याच्या मजुराचे. १९७३ च्या ‘यादों की बारात’ने गिटार घेतलेला तरुण खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचवला.

तिसऱ्या वाटेकडे विद्वानांचे लक्ष कमी आहे, पण आम्हांला तीच सर्वांत जवळची वाटते. १९१२ साली जपानच्या नागोया गावी गोरो मोरिता याने बटणे दाबून वाजवायचे एक तंतुवाद्य काढले. ते आपल्याकडे बुलबुलतरंग झाले आणि बेंजो या नावाने मिरवणुकीत शिरले. गल्लीतल्या मेकॅनिकने त्याला तारांखाली वेटोळे बसवले, कर्णा जोडला आणि गणपतीच्या मिरवणुकीत विजेचे तंतुवाद्य दुमदुमू लागले. तत्त्व तेच, रिकेनबॅकरच्या तव्याचे. म्हणजे विजेची गिटार आपल्या दारी येण्याआधीच तिचा भाऊ आपल्या रस्त्यावर नाचत होता, आणि तो वाजवणारे रंगारी, हमाल व रोजंदारीवरचे गडी होते.

आता शिकण्याविषयी. बोटे राकट झाली, आता काय शिकणार, असे आमचे लोक म्हणतात. जँगो राइनहार्टची १९२८ साली आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली. उरलेल्या दोहोंवर त्याने युरोप गाजवला. १९६५ साली बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या कामगाराची दोन बोटांची टोके यंत्राने तुटली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, बारीक तारा लावल्या, पुढे त्या सैल सुरात लावल्या, आणि त्या जड, खोल आवाजातून संगीताचा एक नवा प्रकार निघाला. यंत्राला जाळी असती तर ती बोटे वाचली असती, हे आम्ही येथे विसरत नाही. अपघाताचे कौतुक करू नये. माणसाच्या जिद्दीचे करावे.

तेव्हा अडचण बोटांची नाही, वेळेची आहे. रोज वीस मिनिटे, सावकाश, ठेक्यावर, हा सरावाचा नियम आहे. रविवारी एकदम तीन तास बसून काही हाती लागत नाही. बोटांची टोके काही आठवड्यांत घट्टे धरतात. पहिल्याच दिवशी हजार बिड्या कोणी वळल्या आहेत काय? पण वीस मिनिटे आणायची कोठून? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची संघटना बांधली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. हवाईचा तो मुलगा तारेवर पोलाद सरकवीत होता, त्याच सुमाराची ही गोष्ट. १९६६ च्या बिडी कायद्याने कारखान्यातल्या कामाला दिवसाला नऊ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली; पण घरी बसून हजारावर दर घेणाऱ्या बाईच्या घड्याळाला ती मर्यादा पोहोचत नाही. तिच्या पोराने सुपाशी बसायचे की गिटारशी, याचा निकाल बिडीचा दर करतो. म्हणून दराची लढाई ही संगीताचीही लढाई आहे.

शेवटी निवडीविषयी चार व्यवहाराच्या गोष्टी. आधी साधी गिटार, मग विजेची, असा नियम नाही. विजेच्या गिटारच्या तारा बारीक, बोटाला सोप्या. आणि कर्णा न जोडता वाजवली तर एका खोलीच्या घरात झोपलेल्याची झोप मोडत नाही. दुकानात रंग पाहू नये. दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहावे. पडद्यांची टोके तळहाताला बोचू नयेत. बारावा पडदा दाबला की मोकळ्या तारेचाच वरचा षड्ज अचूक आला पाहिजे, कारण तेथे तार निम्मी होते. तो बेसूर असेल आणि दुकानदाराला घोडी सरकवूनही साधत नसेल तर ते वाद्य ठेवून द्यावे. बटणे फिरवून खरखर ऐकावी. सगळे पैसे गिटारवर घालू नयेत. ॲम्प्लिफायर व केबल यांचाही हिशेब धरावा.

आणि अर्थिंग! मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी गावी लेस्ली हार्वे हा वादक रंगमंचावर मायक्रोफोनला हात लावताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत रात्ररात्र नाटके होतात. शेतातला मंच, जनरेटरची वीज, दवाने ओली झालेली केबल. अर्थिंगची तार व गळती ओळखून प्रवाह तोडणारे स्विच ही चैन नव्हे. वादक हाही कामगार आहे आणि त्याचा मंच हा त्याचा कारखाना आहे.

सुतार, यंत्रकारागीर, रेडिओदुरुस्त्या आणि तार गुंडाळणारी बाई यांनी मिळून हे वाद्य घडवले. ज्यांच्या हातांनी ते घडले त्यांच्याच जातकुळीचे हात गोंदियात आहेत. तेव्हा मुलाने गिटार मागितली तर खूळ म्हणून त्याला झिडकारू नका. ऐपत पाहा, दांडी तपासा, अर्थिंग तपासा, आणि त्याच्या दिवसातली वीस मिनिटे त्याला कशी मिळतील हे आमच्याबरोबर बसून ठरवा.